पेटीतल्या खणांचं लाकूड

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

पेटी म्हटलं की मराठी माणसाला आधी भजनातली पेटी आठवते, आणि मग माळ्यावरची लोखंडी ट्रंक. मला आज या दोन्हींबद्दल बोलायचं नाही. दोन हातांत सहज उचलता येईल अशी छोटी लाकडी पेटी, आणि त्यातही तिच्या पोटातले खण, हा माझा विषय आहे. सुतारकाम शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे पेटी करून घ्यायला निघालेले लोक बरेच भेटतात. झाकणावर नक्षी कोणती, कडी पितळेची की लोखंडाची, पॉलिश गडद की फिकट, यावर तासभर चर्चा होते. आतल्या पट्ट्या कशाच्या लावायच्या असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. ‘काय उरेल ते लावा की, आतलं कोण बघतंय?’

आतलं कोणी बघत नाही हे खरं. पण आतल्या वस्तूंना रात्रंदिवस चिकटून असतात त्या याच पट्ट्या. थोडा हिशेब करून बघा. चोवीस सेंटिमीटर लांब, सोळा रुंद आणि सहा सेंटिमीटर खोल अशी पेटी घेतली आणि तिचे आठ खण पाडले, तर एक लांब पट्टी आणि तीन आडव्या पट्ट्या लागतात. पट्टीच्या दोन्ही बाजू वस्तूकडे असतात. चारही भिंतींचा आतला पृष्ठभाग भरतो चारशे ऐंशी चौरस सेंटिमीटर, आणि पट्ट्यांचा आठशे चौसष्ट. म्हणजे जवळजवळ दुप्पट. पेटीतल्या हवेला वास, ओलावा, आम्ल जे काही मिळायचं ते भिंतींपेक्षा या पट्ट्यांकडूनच जास्त मिळतं. म्हणून मी म्हणतो, भिंतींचं लाकूड डोळ्यांसाठी निवडा, पण खणांचं लाकूड आत काय ठेवणार ते विचारून निवडा.

या गोष्टीचा सगळ्यात बारकाईनं विचार कोणी केला असेल तर तो चिरुटाच्या पेट्या करणाऱ्यांनी. नभोवाणीवरून तंबाखूची भलामण मी करणार नाही. तंबाखू शरीराचं काय करते ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण चिरूट ही वस्तू म्हणून फार नाजूक. आपला ‘चिरूट’ हा शब्द तमिळ ‘सुरुट्टु’वरून आलेला, आणि तिरुचिरापल्लीचे चिरूट एके काळी इतके प्रसिद्ध होते की १८८७ सालच्या पहिल्याच शेरलॉक होम्स कादंबरीत राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखण्याचा प्रसंग आहे. चिरूट म्हणजे नुसत्या पानांची गुंडाळी. हवा कोरडी झाली की पान तडकतं, ओल जास्त झाली की बुरशी धरते. साधारण पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रतेत तो सुखी असतो. शिवाय पान शेजारच्या वासाला लगेच भुलतं. सौम्य चिरूट उग्र चिरुटाशेजारी महिनाभर राहिला तर त्याचा सौम्यपणा संपला. म्हणून पेटीत खण आले. आणि खण आले तसा प्रश्न आला की त्या पट्ट्या अशा कशाच्या करायच्या, की त्यांचा वास चिरुटाला बिघडवणार नाही, ओलावा त्या धरून ठेवतील, आणि फुगून पेटीही फोडणार नाहीत?

पश्चिमेकडे त्याचं उत्तर फार पूर्वीच ठरलं, ते म्हणजे ‘स्पॅनिश सिडार’. नाव ऐकून फसू नका. हे झाड स्पेनचं नाही आणि सिडारही नाही. शास्त्रीय नाव ‘सेड्रेला ओडोराटा’. मूळ मेक्सिको, वेस्ट इंडीज आणि दक्षिण अमेरिकेतलं. कुळ कोणतं म्हणाल, तर मेलिएसी, म्हणजे आपल्या कडुनिंबाचं. त्या प्रदेशावर स्पॅनिश सत्ता होती आणि लाकडाला सिडारसारखा गोड वास होता, म्हणून हे नाव पडलं.

या एका नावानं आपल्याकडे किती नुकसान केलंय याचा एक नमुना सांगतो. आपल्या शहरातला एक तरुण माझ्याकडे एक जुनी पेटी घेऊन आला. पणजोबांच्या काळातली चिरुटाची पेटी होती ती. घरात चिरूट कोणी ओढत नव्हतं. आजीनं तीत सुया, बटणं, मण्यांच्या माळा ठेवल्या होत्या, आणि आतल्या पट्ट्या केव्हाच गहाळ झाल्या होत्या. पोरानं हौसेनं माहिती काढली. ‘सिडार’ पाहिजे, एवढं त्याला कळलं. शब्दकोशात सिडार म्हणजे देवदार. तो वखारीत गेला आणि देवदार मागितला. आता आपल्या वखारींत देवदार या नावाखाली काय काय मिळतं ते सुतारांना विचारा. खरा देवदार हिमालयातला. तो खराखुरा सिडार आहे, पण तेलकट आणि उग्र वासाचा. आणि आपल्याकडे ‘देवदारचं खोकं’ म्हणतो ते बहुतेक वेळा पाइनचं असतं. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्यांच्या फळ्या सोलून हा माल विकला जातो. पोरानं त्याच्या पट्ट्या करून बसवल्या. उन्हाळा आला. मे महिन्याच्या उष्म्यात पट्ट्यांच्या गाठींतून राळ पाझरली आणि पणजीच्या मण्यांची माळ खणाला चिकटून बसली. ‘सर, मी तर पुस्तकात बघून केलं,’ तो म्हणाला. पुस्तकात चूक नव्हती. तीन वेगळ्या झाडांना एक नाव पडलं होतं, एवढंच.

या खोक्यांच्या फळ्यांबद्दल आणखी एक सावधगिरी सांगून ठेवतो. परदेशातून आलेल्या खोक्यावर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि त्याशेजारी काही अक्षरं डागलेली असतात. ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं. ‘एमबी’ असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. असली फळी अंगणातल्या बाकाला वापरा हवी तर. खाण्याच्या किंवा अंगावर घालायच्या वस्तूंच्या पेटीत ती नको.

मग त्या पेटीला काय लावायचं? उत्तर पेटीनंच दिलं. तिचा तळ घासला तर आतून विटकरी-गुलाबी, हलकं, मंद वासाचं लाकूड निघालं. ते तूण होतं. काही भागांत त्याला कुरक म्हणतात, हिंदीत तुन. शास्त्रीय नाव ‘टूना सिलिएटा’. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याचं वर्णन केलं तेव्हा नाव दिलं होतं ‘सेड्रेला टूना’, म्हणजे स्पॅनिश सिडारच्याच घराण्यात बसवलं होतं. पुढे वेगळी प्रजाती केली, पण नातं सख्ख्या चुलतभावाचंच राहिलं. दोन्ही कडुनिंबाच्या कुळातले, दोन्ही हलके, रंग आणि वासही जवळजवळ सारखे. म्हणून ब्रिटिश काळात हिंदुस्थानात चिरुटाच्या पेट्यांना आणि चहाच्या खोक्यांना तूण वापरत. लाकूड सातासमुद्रापलीकडून आणायची गरजच नव्हती.

तूण मराठवाड्यात फारसा दिसत नाही. त्याला ओल हवी. सह्याद्रीच्या दमट जंगलात ओढ्याकाठी तो वाढतो, हिमालयाच्या पायथ्याशीही. त्याच्या फुलांपासून पिवळा रंग काढत. त्याची मोठी लागवड करायचे प्रयत्न झाले, पण एक अळी कोवळे शेंडे पोखरते आणि झाड सरळ वाढतच नाही. मेहॉगनीलाही हीच खोड आहे. हल्ली आपल्याकडे शेताच्या बांधावर मेहॉगनी लावून लक्षाधीश होण्याची स्वप्नं विकली जातात. ती विकत घेण्यापूर्वी शेंडे पोखरणाऱ्या या अळीची चौकशी करा, एवढंच सांगतो आणि विषयाकडे परत येतो.

तूण असो वा स्पॅनिश सिडार, त्यात असं काय आहे? पहिली गोष्ट ओलावा. लाकूड हवेतलं पाणी सतत घेतं आणि सोडतं. आपल्या गावची हवा या बाबतीत फार टोकाची. एप्रिल-मेमध्ये दुपारी आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर उतरते आणि श्रावणात ऐंशीच्या वर जाते. उघड्यावरच्या पातळ पट्टीत उन्हाळ्यात वजनाच्या सुमारे पाच टक्के पाणी उरतं, पावसाळ्यात ते सोळा टक्क्यांपर्यंत चढतं. मघाच्या पेटीतल्या चार पट्ट्या अर्धा सेंटिमीटर जाड धरल्या तर त्यांचं वजन होतं साधारण शंभर ग्रॅम. अशा कोरड्या पट्ट्या तुम्ही मे महिन्यात बसवल्या आणि पेटीत पंचवीस चिरूट ठेवले, तर पट्ट्या आपलं पोट भरायला सात-आठ ग्रॅम पाणी मागणार. दीड चमचा. पंचवीस चिरुटांत मिळून पाणी असतं चाळीसेक ग्रॅम. म्हणजे पट्ट्या त्यातला पाचवा हिस्सा ओढून घ्यायला निघाल्या. चांगल्या लाकडानंही माल खराब होतो तो असा. म्हणून जाणकार लोक आधी रिकाम्या पेटीत ओलसर स्पंजची वाटी ठेवून पंधरा दिवस पट्ट्यांना ‘पाणी पाजतात’, आणि मगच माल भरतात. एकदा त्या तृप्त झाल्या की बाहेरची हवा कितीही कोरडी होवो, त्या हळूहळू पाणी परत देत राहतात. हे काम सच्छिद्र, हलकं लाकूडच करू शकतं, आणि तेही आतून पॉलिश न करता. आतून वॉर्निश मारलेली पट्टी काचेसारखीच समजायची. खण पाडायचं काम ती करील, ओल राखायचं नाही.

दुसरी गोष्ट वास. स्पॅनिश सिडारचा वास चिरुटाला मानवतो, असं ओढणारे म्हणतात. त्याची राळही कधीकधी पाझरते. ती स्पिरिटनं पुसून काढावी लागते. ज्यांना वास नको आणि राळही नको, ते मेहॉगनी वापरतात. ती ओल थोडी कमी धरते, पण गुमान राहते. सागवान मात्र या कामाला नाही. साग म्हणजे आपलं दैवत, हे मान्य. दारं, देव्हारे, वाड्यांचे खांब त्याचेच. पण त्याचा तेलकटपणा आणि चामड्यासारखा वास, जो त्याला वाळवीपासून वाचवतो, तोच खणातल्या नाजूक वस्तूला उतरतो. कडुनिंब आपल्या मराठवाड्यात पावलोपावली, तुणाचा नातेवाईकही. पण त्याची कडवट छाप खाण्या-हुंगण्याच्या वस्तूंवर नको.

सिडारच्या वासानं किडे पळतात अशी एक समजूत आहे. तिच्यावर विसंबू नका. चिरुटाला भोकं पाडणारा तपकिरी, राईएवढा भुंगेरा सिडारच्या पेट्यांतसुद्धा सुखानं नांदताना आढळला आहे. शास्त्रीय नाव ‘लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी’. इंग्रजांनी त्याला सिगारेटचं नाव दिलं, पण हा प्राणी सिगारेटच्या कितीतरी आधीचा. इजिप्तच्या तुतानखामेनच्या थडग्यातही तो सापडला, आणि तेव्हा त्या देशात तंबाखू नव्हतीच. तो आपल्याही घरात आहे. हळदीच्या डब्यात, धन्यात, सुंठीत, मिरचीत बारीक भोकं आणि पिठूळ भुकटी दिसली की बहुधा हाच. वसमतच्या हळदीच्या व्यापाऱ्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. हवा उबदार झाली की तो फोफावतो. वस्तू घट्ट पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीजमध्ये ठेवणं हा त्यावरचा खरा उपाय, लाकडाचा वास हा नव्हे.

मसाल्याचं निघालंच आहे तर सांगतो, मिसळणाच्या लाकडी डब्याचं गणित चिरुटाच्या अगदी उलट. तिथं पट्टीनं काहीही शोषायला नको आहे. हळदीचं तेल आणि हिंगाचा वास तुणाच्या पट्टीत शिरला की तो जन्मभर जायचा नाही. म्हणून तिथं शिसमासारखं घट्ट, जड लाकूड. आणि खरं सांगायचं तर आत स्टीलच्या वाट्या. शिसव आणि शिसमाच्या साऱ्या वंशावर २०१७पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत, स्पॅनिश सिडारवर २०२०पासून अधिक कडक. तेव्हा परदेशातल्या मुलाला लाकडी डबा पाठवताना कागदपत्रं बघून घ्या. वखारीतूनही पावतीचंच लाकूड घ्यावं.

आता ज्या गोष्टीपायी मी हा विषय घेतला, तिच्याकडे येतो. आपल्या भागात चिरुटाच्या पेट्या किती घरांत असणार? पण पैठणी आहे, आजीची चांदीची वाटी-फुलपात्रं आहेत, जोडवी, मासोळ्या, वाकी आहेत. पैठण इथून पन्नास किलोमीटरवर. लग्न ठरलं की हल्ली या सगळ्यासाठी खणाखणांची देखणी पेटी करून घेतात. अशी एक पेटी एका बाईंनी माझ्यासमोर उघडली. बाहेरून सागवान, आत दाबलेल्या भुशाच्या बोर्डाचे खण, त्यावर रबरी फोम आणि वर मखमल. दोन वर्षांत चांदी काळी ठिक्कर झाली होती. ‘सर, चांदी घासून निघेल हो, पण आईच्या पैठणीचा पदर बघा,’ त्या म्हणाल्या. पदराची जर काळवंडली होती. जुन्या पैठणीची जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. मुलामा झिजला की आतली चांदी उघडी पडते, आणि ती काही घासता येत नाही. रेशीम तुटेल. तो पदर आता तसाच राहणार.

चांदीचा वैरी गंधक. तो रबरात असतो, लोकरीच्या फेल्टमध्ये असतो. इथं तो फोममधून आला असणार, लाकडातून नव्हे. पण लाकूडही निरपराध नसतं. बहुतेक लाकडं जुनी झाली तरी व्हिनेगरसारखं आम्ल थोडं थोडं हवेत सोडत राहतात. युरोपातला ओक त्यात सगळ्यात पुढे. इंग्लंडमध्ये बाइन नावाच्या संग्राहकानं १८९९मध्ये नोंदवलं की ओकच्या कपाटांतले शंखशिंपले पांढऱ्या भुकटीनं झिजत चालले आहेत. त्याला वाटलं, हा रोग आहे. तो रोग नव्हता, कपाटाचं आम्ल होतं. भुशाच्या आणि स्वस्त प्लायवुडच्या बोर्डातल्या चिकटद्रव्यातून फॉर्मल्डिहाइड निघतं, ते वेगळंच. बंद खणात ही वाफ कोंडते. उघड्या फडताळात जे लाकूड काही करत नाही, ते बंद पेटीत करतं ते यामुळेच.

यासाठी संग्रहालयवाल्यांनी एक परीक्षा शोधली आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी ती १९७३च्या सुमारास रूढ केली. काचेच्या बंद नळीत लाकडाचा तुकडा, थोडं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांचे चकचकीत तुकडे ठेवायचे. साठ अंश उष्णतेत अठ्ठावीस दिवस. धातू जसेच्या तसे राहिले तर लाकूड पास. घरी इतकी काटेकोर परीक्षा जमणार नाही, पण तिची धाकटी बहीण जमेल. झाकणाच्या काचेच्या बरणीत पट्टीचा तुकडा, छोट्या बाटलीत ओला कापूस, आणि घासून लखलखीत केलेला चांदीचा आणि तांब्याचा एकेक तुकडा. शेजारी दुसरी बरणी, तशीच, पण लाकडाविना. दोन्ही उन्हाळ्यात माळ्यावर ठेवा, महिना-दीड महिना. दोहोंतला फरक तुम्हालाच दिसेल. मखमल, फेल्ट, डिंक सगळ्यांची अशीच परीक्षा घ्या. वासाची परीक्षा तर एका रात्रीची. बंद बरणीत लाकडाचा ताजा कीस आणि वाटीत लोण्याचा गोळा. लोणी वास फार पटकन धरतं. सकाळी चाखून न बघता नुसतं हुंगा.

पैठणी आणि चांदीसाठी माझी पसंती शिवणीला. शिवण हलकं, फिकट, कमी आकसणारं लाकूड, वास जवळजवळ नाही. दुसरं हेदू, ज्याला हळदू म्हणतात. त्याचा कण इतका बारीक की फण्या आणि सूतगिरण्यांच्या बॉबिनी त्याच्या करत. दोन्ही चांगली सुकवलेली हवीत. ओल्या, ताज्या चिरलेल्या लाकडाची पट्टी कुठल्याच पेटीत नको. आणि काहीही लावलं तरी कापड लाकडाला थेट टेकू देऊ नका. धुऊन खळ काढलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळून ठेवायची आपल्या आज्यांची पद्धत संग्रहालयवाल्यांच्या सल्ल्याशी तंतोतंत जुळते. चांदी आणि पैठणी एका खणात नको, आणि डांबराच्या गोळ्या तर जरीपासून दूरच.

राहिलं पट्ट्या बसवण्याचं. लाकूड धाग्यांच्या दिशेनं जवळजवळ वाढत नाही. वाढतं ते रुंदीत. सागासारख्या शांत लाकडाची दहा सेंटिमीटर रुंद पट्टीसुद्धा आपल्या मे आणि ऑगस्टमधल्या फरकानं दोन मिलिमीटर कमीजास्त होऊ शकते. म्हणून पट्टीचे धागे लांबीला आडवे जाऊ द्या. मग ती फुगली तर उंचीला फुगेल. वर झाकणाखाली दोन मिलिमीटर जागा सोडली की झालं. हौशी कारागीर कधी कधी नक्षी छान दिसते म्हणून धागे उभे ठेवतो. ती पट्टी पावसाळ्यात लांबीला फुगते आणि पेटीचे कोपरे उघडते. पट्टीचं टोक बघा. तिथल्या वाढीच्या रेषा पाठीशी काटकोनात उभ्या दिसल्या तर ती पट्टी निम्मीच हलेल आणि वाकडी होणार नाही. जाडी चार ते सहा मिलिमीटर पुरे. पट्ट्या एकमेकींत अर्ध्या खाचांनी अडकवा, भिंतीच्या खोबणीत नुसत्या सरकवा. डिंक नको, खिळा नको. डिंकाचा वास टळतो, पट्टीला हलायला जागा राहते, आणि पुढे पेटीत दुसरं काही ठेवायचं ठरलं तर ती उपसून दुसऱ्या लाकडाची घालता येते.

त्या तरुणाच्या पेटीला तूणच लावलं. आता तूण आणायचं कुठून, असं तुम्ही विचाराल. वखारीत चार ठिकाणी नाही म्हणतील. पण मिरजेला सतार-तंबोरे करणारे कारागीर आहेत, ज्यांच्या वाद्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळ्याच्या वरचा दांडा आणि तबली ते तुणाची करतात. त्यांच्याकडे हातभर लांबीचे, वर्षानुवर्षं वाळलेले छाट पडून असतात. तंबोऱ्याला ते तुकडे अपुरे, आणि आपल्याला लागते जेमतेम वीतभर पट्टी. त्याच्या पेटीच्या चारही पट्ट्या अशा एकाच तुकड्यातून निघाल्या.